बापूरावांचा श्वास

दुपारी एक ते चार नारायण पेठेतली दुकानं झोपतात आणि त्या झोपेवर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालतो. विमलाबाई तेव्हाच गायला यायच्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. आल्या आल्या एक टाळी वाजवायच्या आणि खोलीत किती माणसं आहेत ते सांगायच्या. पंचवीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. माझं टक्कलही त्यांनी टाळीतच ओळखलं होतं.

सोमवारी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील अशी हमी डॉक्टर देत नव्हते, म्हणून अल्बमचं शेवटचं गाणं त्याआधी व्हायलाच हवं होतं.

अडचण होती बापूरावांची. हे त्यांचे पेटीवाले, मागच्या दिवाळीत गेले. पेटीचा तुकडा संपला की इतर गायकांना मानेने खूण मिळते. बाईंसाठी बापूराव नाकाने मोठा श्वास घ्यायचे आणि त्यावर बाई अंतरा अचूक उचलायच्या. मी तो श्वास नंतर रेकॉर्डिंगमधून पुसायचो. "अहो, माझा सोलो तेवढाच," बापूराव कुरकुरायचे.

आता पेटी दुसऱ्याच कोणी आधी वाजवून रेकॉर्ड केलेली आणि बाईंच्या कानाला हेडफोन. बाई दोनदा गायल्या आणि दोन्ही वेळा अंतरा उशिरा उचलला गेला. आवाज चिरायला लागला होता. आणखी एकदाच जमेल, असं त्या म्हणाल्या. मला भीती वाटत होती आणि ती लपवताही येत नव्हती.

हेडफोन नीट बसवायला मी आत गेलो, तेव्हा बाईंनी टाळी वाजवली.

"तिघं आहोत आपण."

त्यांची भाची ओवी चहा सांगायला खाली गेली होती. मी म्हटलं, बाई, दोघंच.

"मोजायला डोळे लागत नाहीत, अनिरुद्ध. लावा पेटी."

या वेळी अंतरा असा उचलला की काचेमागे मी चक्क नाचलो.

संध्याकाळी ऐकताना अंतऱ्याआधी एक श्वास सापडला. नाकाने घेतलेला, मोठा. बाईंचाच असेल म्हणून सवयीने पुसला आणि पुन्हा लावलं.

बाईंनी अंतरा उशिरा उचलला.

श्वास परत ठेवला. अचूक.

पुसला. उशीर.

परत ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

ऑपरेशन उत्तम झालं. आवाज राहणार होता. महिनाभर बोलायला बंदी, म्हणजे छळ ओवीचाच. शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. मी स्टुडिओत एकटाच माईक तपासत होतो, हेडफोन कानाला. फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, मावशी सारखी टाळ्या वाजवतेय. तिच्या बोलत्या मोबाइलवर टाइप करून विचारलंय, इथे आम्ही दोघीच आहोत, बापूराव तुमच्याकडेच राहिले का? तिला पुढच्या गाण्याची घाई झालीये."

मला हसू आलं. नाही गं, असं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात हेडफोनमध्ये कोणीतरी मला खूण म्हणून नाकाने मोठा श्वास घेतला.