खांब विरुद्ध काळा मास्तर

रविवारी कवळीवाल्याचं दुकान बंद असे, पण दुकानात तो असे. आठवडाभर दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांची मापं पाठवायचे. त्यांत तो प्लॅस्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरड्यांना चकाकी आणायचा. रविवारी मात्र कामाचं टेबल ओल्या फडक्यानं पुसून, प्लॅस्टरचे जबडे कडेला सारून तो तिथे पुठ्ठ्याची रिंग मांडायचा.

खेळ जुना होता, त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. पत्त्याएवढी कार्डं आणि प्रत्येकावर एक पैलवान. वर चित्र, खाली त्याच्या डावांचा तक्ता. फासे टाकायचे, जो आकडा पडेल तो डाव. कधी उचलून आपटणं, कधी दोरावरून उडी, कधी मानेला विळखा. पाठ टेकली की लढत संपली. मूळ कार्डं झिजली तसे त्यानं नवे पैलवान स्वतःच काढले. गारपीट, मुंगळा, सरकारमान्य, काळा मास्तर. चित्रकला यथातथाच, पण दात सगळ्यांचे अप्रतिम.

"लोक रविवारी झोपतात," त्याची बायको म्हणायची. ती गेल्यावर असं म्हणणारंही कोणी उरलं नाही.

लीग सुरू झाली ती मेहुण्यांसाठी. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा गोदीत क्रेन चालवायचा. एका सकाळी शिडीवरून पाय निसटला आणि त्याचं कमरेखालचं शरीर त्याला परकं झालं. आडदांड माणूस, जिथे जाईल तिथे खोली भरून टाकणारा. आता तो खिडकीजवळच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बायकोशीसुद्धा हो-नाहीपलीकडे बोलेना. बहीण हसतमुख होती, पण तिच्या हसण्यातला जीव गेला होता, आणि हे भावाला बघवत नव्हतं.

एक दिवस काय सुचलं कोण जाणे, त्यानं कार्डांचा गठ्ठा कॉटवर पसरला. "मेहुणे, यातले तीन पैलवान निवडा. लढती मी लावीन. तुमचे जिंकले की गुण तुमचे."

मेहुण्यांनी बराच वेळ मान वळवली नाही. मग हात लांबवून एक कार्ड ओढलं. "हा कोण?"

"खांब. त्याला नका घेऊ. हळू आहे. नुसता उभा राहतो आणि मार खातो."

"हाच," मेहुणे म्हणाले.

बहिणीनं ज्यांचे डोळे प्रेमळ दिसले ते उचलले. तिसरा गडी म्हणून कवळीवाल्यानं शाळेपासूनच्या मित्राला ओढलं. हा लिफ्ट दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा, म्हणून त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. त्यानं काळा मास्तर घेतला, कारण शाळेतल्या एका मास्तरांचा सूड उगवायचा होता आणि तो हरला तर आनंदच होणार होता. दुर्दैवानं मास्तर जिंकतच सुटला.

कवळीवाला स्वतः कोणाचाच नव्हता. तो फक्त लढती लावायचा, आणि त्यात त्याचा एकच नियम होता. फासे एकदाच टाकायचे. टेबलावरून घरंगळून खुर्चीखाली गेले तरी वाकून पाहायचं आणि जो आकडा पडला तो मानायचा. लढती संपल्या की तो बहिणीला आणि लिफ्टवाल्याला फोन करी. गारपीट जिंकला, खांब हरला, सरकारमान्य बरोबरीत सुटला. मीठमसाला लावून सांगणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

तेवढ्यानंही मेहुण्यांत फरक पडला. ते भिंतीकडून खोलीकडे वळले. दाढी करवून घ्यायला लागले. "आज खांबची कोणाशी आहे?" असं शनिवारपासून विचारतात, बहीण सांगायची, आणि सांगताना खरंच हसायची.

पहिली गोष्ट घडली तेव्हा त्याला तिचं काही वाटलंच नाही. फोनवर मेहुणे म्हणाले, "दादा, खांबला पुढच्या रविवारी सोपा गडी द्या. त्याचा डावा गुडघा सुजलाय."

"बघतो," तो हसून म्हणाला. मेहुण्यांना कल्पना सुचायला लागल्या, हे बरंच होतं.

मग लिफ्टवाला दुकानात आला. तो मुक्कामाला बाहेरगावी होता, नुकताच परतला होता. मेणाचा तुकडा बोटांत मळत तो सहज बोलून गेला, "तुझा खांब लंगडतोय रे. डाव्या पायानं. रिंगमधून उतरताना दोर धरून उतरला."

कवळीवाल्यानं कवळ्या घासायचं यंत्र बंद केलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तूच की."

"मी फक्त निकाल सांगतो."

"मग असंच वाटलं असेल," लिफ्टवाला म्हणाला आणि मेण खाली ठेवलं. मात्र त्यानं नजर चुकवली.

त्यानंतर कवळीवाल्याचे कान टवकारलेले राहिले. रिंगवरचा दिवा हलतो, असं बहीण म्हणाली. हवा नसताना हलतो, असं लिफ्टवाला म्हणाला. गारपीट आत शिरण्याआधी दोराला कपाळ टेकवतो. मास्तर मार देताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो आणि ते ऐकू येत नाही म्हणून जास्त भीती वाटते. तिघांचं सांगणं एकमेकांशी जुळायचं, आणि यातलं काहीच कार्डांवर नव्हतं. त्याच्या टेबलावर तर फक्त फाशांचा खुळखुळाट होता आणि कोपऱ्यात दात विचकून बसलेले पांढरे जबडे.

त्यानं मनाची समजूत घातली. बहीण नवऱ्याला रमवायला गोष्टी रचत असेल आणि लिफ्टवाला तिच्या होला हो करत असेल. किती चांगली माणसं आहेत आपली, असं म्हणून तो कामाला लागला.

थंडीत मेहुण्यांच्या पाठीला जखमा झाल्या आणि ताप चढला. डॉक्टर बहिणीला दाराबाहेर घेऊन हळू आवाजात बोलले. त्याच रविवारी खांबची गाठ काळ्या मास्तराशी होती. कवळीवाल्यानं फासे टाकले. खांबनं मार खाल्ला, पुन्हा मार खाल्ला, आणि एका विळख्यात त्याची पाठ टेकली. कवळीवाला कितीतरी वेळ त्या फाशांकडे पाहत बसला. मग जन्मात न केलेली गोष्ट करायचं त्यानं ठरवलं आणि फोन न करता सरळ बहिणीच्या घरी गेला.

मेहुण्यांचा चेहरा तापानं तांबडा झाला होता. कवळीवाला कॉटच्या कडेला बसला. "मेहुणे, खांब जिंकला," तो म्हणाला. "मास्तराला लोळवलं."

बहीण औषधाच्या बाटलीचं झाकण लावत होती, तिचा हात थांबला.

"दादा," मेहुणे सावकाश म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी बोललात ते कळलं. पण असं करू नका. तो बिचारा जीव तोडून लढला. हरला तर हरला. त्याची लढत त्याच्याकडून काढून घेऊ नका."

"तुम्हाला कसं कळलं हरला ते?"

"आम्ही बघितलं."

"कुठे?"

मेहुण्यांनी हनुवटीनं कॉट आणि समोरच्या भिंतीमधली फरशी दाखवली. "इथेच. नेहमी इथेच तर होतं."

त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं बाटली फळीवर ठेवली, पदराला हात पुसले. "तू फासे टाकतोस ना, त्या वेळी," ती म्हणाली. "तुला दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं रे. वाटलं, तूच दाखवतोस."

तो घरी निघाला. भीती होतीच, पण भीतीखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते कबूल करायला त्याला जड गेलं. त्याचे पैलवान होते ते. एकेकाचे दात त्यानं भिंग लावून काढले होते. सगळ्यांना ते दिसत होते, त्याला सोडून.

त्यानं खेळ बंद केला. पुठ्ठ्याची रिंग, कार्डं, फासे सगळं खोक्यात भरून वरच्या फडताळात ठेवलं. कामाची गर्दी आहे, असं सांगितलं. कोणी हट्ट धरला नाही, आणि याचंच त्याला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी फोन वाजला. बहिणीचा आवाज मोकळा होता. यांचा ताप उतरला, डॉक्टरही चकित झाले, आता पेज मागतायत. आणि मुंगळ्यानं सरकारमान्यला काय धुतलंय म्हणून सांगू!

"मी आज फासे टाकले नाहीत," तो म्हणाला.

"हो का?" ती म्हणाली. "तरीच. आज लढत खूप लांबली. कोणी थांबवतच नव्हतं."

त्यानं खोकं खाली काढून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं लिफ्टवाल्याला फोन लावला. तो दूर कुठेतरी एका इमारतीच्या गच्चीवर होता, मागे वारा घोंघावत होता. काही सुचवायचं नाही म्हणून कवळीवाल्यानं नुसतं विचारलं, "काय चाललंय?"

"मुंगळ्यानं आज इथे गच्चीवर कमाल केली," लिफ्टवाला म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तू चिडला नाहीस ना? मला वाटतं, पुढच्या रविवारी तू बहिणीकडे ये. खांबनं मास्तराला पुन्हा बोलावलंय."

आठवडाभर कवळीवाल्याचं कामात लक्ष लागलं नाही. एका म्हातारीच्या कवळीत त्यानं उजवा सुळा डावीकडे बसवला आणि सगळं मेण वितळवून पुन्हा सुरुवात केली.

रविवारी तो बहिणीकडे गेला. लख्ख सकाळ होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि शेजारच्या घरात कोणीतरी कपडे आपटत होतं. खोलीतलं टेबल आणि चटई बाहेर नेऊन ठेवली होती. मेहुणे उशांना टेकून बसले होते, केस नीट विंचरलेले. लिफ्टवाला खुर्चीत होता. बहिणीनं सगळ्यांना चहा दिला आणि कॉटच्या पायथ्याशी बसली. भिंतीलगतच्या लांब बाकावर कवळीवाला एकटाच बसला.

"सुरू व्हायचंय अजून?" त्यानं विचारलं.

"येतायत," बहीण म्हणाली.

मग तिघांची नजर खोलीच्या मध्यावर खिळली.

त्यानं फरशीकडे पाहिलं. फरशी होती. उन्हाचा चौकोन होता. त्यानं तिघांकडे पाहिलं, तेव्हा मात्र त्यानं कप खाली ठेवला. तिघांचे डोळे एकदमच डावीकडून उजवीकडे सरकत होते. मग दाराकडे. मग पुन्हा मध्ये. लिफ्टवाल्यानं दात आवळले. बहिणीनं तोंडावर हात धरला. कशानं, ते त्याला दिसत नव्हतं, पण तिघंही त्याच क्षणी दचकली.

"उठ," मेहुणे हळूच म्हणाले. "उठ रे."

बराच वेळ गेला. शेजारचं कपडे आपटणं थांबलं. चहावर साय धरली.

लिफ्टवाल्यानं पाय वर उचलून खुर्चीवर घेतले. कशाला तरी जागा करून द्यावी तसे.

मेहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "आता," ते म्हणाले. "आता!"

तिघांच्या माना एकदम खाली गेल्या. तशाच राहिल्या. मग बहिणीनं सुटकेचा श्वास सोडला आणि लिफ्टवाला आपलाच पैलवान अखेर हरला म्हणून टाळ्या वाजवू लागला.

"जिंकला?" कवळीवाल्यानं विचारलं.

तिघांची नजर खोलीच्या मधून सावकाश वर उठली. उंच, दाराच्या चौकटीइतकी. आणि कवळीवाल्याच्या दिशेनं यायला लागली. अडखळत, एक पाय ओढल्यासारखी.

ती त्याच्या समोर येऊन थांबली.

"दादा," बहीण मायेनं म्हणाली, "जरा सरक. बसू दे त्याला."

तो सरकला. बाकाची फळी करकरली. बाक कॉटला लागून होता, मेहुण्यांच्या हाताच्या अंतरावर. भट्टीचं दार उघडावं तशी ऊब कवळीवाल्याच्या दंडाला लागली. त्यानं मान वळवली नाही.

मेहुण्यांनी हात लांब केला आणि कवळीवाल्याच्या शेजारी मोकळ्या हवेत, त्याच्या खांद्याच्या जरा वर, शाबासकीची थाप दिली.

थापेचा आवाज आला. उघड्या, घामेजलेल्या पाठीवर येतो तसा.

मेहुण्यांनी हात मागे घेऊन चादरीला पुसला. चादरीवर तळव्याचा ओला ठसा उमटला.