शार्पीच्या दोन रेघा

पेडगावला राजेश्रीचं लग्न दुपारी साडेबाराचं होतं, पण मैत्रिणीला साडी नेसवायची म्हणून सुकेशनी दहालाच पोचली. नवरीची खोली शोधता शोधता तिनं भलतंच दार ढकललं… आणि ती थेट धुरात शिरली.

पडदे ओढून अंधार केलेल्या हॉलात दोन शार्पी, म्हणजे बारीक धारदार झोताचे लाईट, लागले होते. एक लाल, एक निळा. धुरातून त्यांच्या रेघा तिरप्या येऊन एकमेकींना छेदत होत्या, आणि मधोमध जांभळं काहीतरी तरंगत होतं.

"सरका जरा मॅडम, निळा अडलाय," शिडीवरून आवाज आला.

तो बुद्धभूषण, डेकोरेशनवाला. ती परभणीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते हे कळल्यावर तो शिडी उतरून खालीच आला.

"मंग एक सांगा. सहा वर्षं झाली इचारायलोय, कुनी सांगत न्हाई. मधी दोगं भेटतेत, जांभळं दिसतंय. पन पलीकडं निगताना लाल लालच अन् निळा निळाच. धडकत न्हाईत का?"

सुकेशनीनं सांगितलं, प्रकाशाचे कण एकमेकांतून सरळ निघून जातात, साधा धक्काही लागत नाही. जांभळं दिसतं ते धुरामुळं. तिथून दोन्ही रंग एकदमच आपल्या डोळ्यात येतात.

त्याचा चेहरा पडला. "कदीच न्हाई लागत?"

"कधीच नाही असं नाही…" प्रकाश प्रचंड ताकदीचा असला, तर अब्जावधींत एखादी जोडी एकमेकांना ढकलते, वाट बदलते. ते पकडायला शास्त्रज्ञांना अवाढव्य यंत्र लागलं.

"म्हंजे होतंय," तो म्हणाला. घरातलं कुणी पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा खूश. तिला हसू आलं. तोवर राजेश्रीचे चार फोन येऊन गेले होते.

निघताना त्यानं तिचा नंबर मागून घेतला, मग डेकोरेशनच्या टेम्पोतून त्याचे व्हॉइस मेसेज येऊ लागले. प्रत्येकात एक प्रश्न. परीक्षेत येणार नाही असं काही विचारणारा तिला शिकवण्याच्या तीन वर्षांत हा पहिलाच भेटला होता. उत्तरासाठी ती जुनी पुस्तकं काढून बसायची, आणि मेसेज आला नाही त्या दिवशी उगाच फोन बघत राहायची.

महिन्याभरानं तिनं त्याला पोरांना त्या दोन रेघा दाखवायला लाईट घेऊन कॉलेजात बोलावलं. घंटा झाली तरी पोरं उठेनात.

सगळे गेल्यावर दोघं वायरी गुंडाळत होते. तो खाली बघत म्हणाला, "मी बारावी नापास हाय. सांगून ठेवलेलं बरं."

"मी विचारलं का?"

"घरचे इचारतील."

रविवारी तिला बघायला तहसीलमधला क्लार्क येणार होता. पप्पांना जावई सरकारी नोकरीतलाच हवा होता. हे तिनं त्याला सांगितलं.

"रविवारच्या आधी या," ती म्हणाली. "पप्पांना भेटायला."

"काय सांगू त्यांना?"

"मला अजून सांगितलं नाहीत ते."

त्यानं वायर खाली ठेवली. "मंग आदी तुमाला सांगतो. मला तुमी आवडता… लय आवडता."

खिडकीतल्या उन्हात तिचा चेहरा लालबुंद झाला.

"शनिवारी पाचला या," ती म्हणाली. "अन् टेम्पो दारातच लावा. गल्लीच्या तोंडाशी नको, सगळ्यांना दिसू दे."