रिकाम्या खोलीतली गुणगुण

तुमच्या खोलीची शांतता कशी वाजते, कधी ऐकलीय तुम्ही?

हा प्रश्न मी आमच्या 'सूरकट्ट्या'वर टाकला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. सूरकट्टा म्हणजे घरच्या घरी, कॉम्प्युटरवर गाणी बनवणाऱ्यांचा ऑनलाइन गट. कुणी बँकेतून घरी आलं की ड्रम्स बडवतं, कुणी मुलं शाळेत गेली की चाली रचतं. मी तिथली पगारी माणूस, आणि माझं काम एकच... गप्पा पेटत्या ठेवायच्या. म्हणून मंडळींनी माझं नाव 'काडी' ठेवलं होतं. "लावते आणि पळते," असं ड्रमकाका म्हणायचे. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

त्या दिवसांत गट थंड पडला होता. कुणी नवं गाणं टाकलं तर खाली नुसते अंगठे. शेवटी मी लिहिलं, "आज गाणं नको. सगळं बंद करा, फक्त माइक चालू ठेवा, आणि आपल्या रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतता पाठवा. बाकीच्यांनी ओळखायचं, त्या घरात काय काय आहे."

मंडळी तुटून पडली! ड्रमकाकांच्या शांततेत फ्रीज घोरत होता. पियानोमावशींच्या शांततेत त्यांचे यजमान घोरत होते. "आमच्याकडेही फ्रीजच आहे," मावशींनी लिहिलं, "फक्त हा जेवतो."

सगळ्यात शेवटी एका नव्या माणसाची शांतता आली. नाव लावलं होतं 'गाळणी'. जुन्या, खरखरत्या रेकॉर्डिंगमधली धूळ काढून आतला आवाज वर आणायचा, हा त्याचा व्यवसाय. मी हेडफोन लावले. काचेवर पाऊस... लांब कुठेतरी गळणारा नळ... आणि त्याच्या मागे काहीच नाही. इतकं काहीच नाही, की माझ्या अंगावर काटा आला. विहिरीत वाकून बघावं आणि तळातूनही कुणी आपल्याकडे बघत असावं, तसं.

"तुमच्या घरात कुणीच नाही," मी लिहिलं.

"मी आहे की."

"तुम्हीसुद्धा नाही. श्वासही ऐकू येत नाही."

"तुम्ही ऐकणार म्हटल्यावर रोखून धरला होता."

आता यावर माणसाने काय लिहावं, सांगा! मी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं... आणि शेवटी एक अंगठा पाठवला. ज्या अंगठ्यांवर मी जन्माची वैतागलेली, तोच!

हळूहळू आमचं लिहिणं गटातून बाहेर आलं, आणि लिहिण्याचं बोलणं झालं. संध्याकाळी काम संपलं की मी त्याला व्हॉइस मेसेज पाठवायची. तो उत्तर द्यायचा, अगदी हळू आवाजात, शेजारी कुणी बाळ झोपलंय अशा बेताने. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

निरोप पाठवण्याआधी मी एक गोष्ट मात्र हटकून करायची. आमच्या धंद्यात एक सोय असते. आपण बोलायला लागण्याआधीची घरातली घरघर प्रोग्रामला ऐकवायची. तो ती ओळखतो आणि सगळ्या रेकॉर्डिंगमधून वजा करतो. पंखा जातो, रस्ता जातो, उरतो फक्त बोलणारा. मी कच्चं रेकॉर्डिंग कधी ऐकायचीसुद्धा नाही. बटण दाबलं, साफ, रवाना.

"आवाज इतका का धुतेस?" त्याने एकदा विचारलं.

"घरची धूळ पाहुण्यांना कशाला दाखवायची?"

"मी अजून पाहुणाच का?"

"मग कोण?"

"...धूळ म्हण."

त्या संध्याकाळी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. बाबा मुकाट्याने जेवले. त्यांना ऐकू कमी येतं, पण चव कळते.

थंडी पडली तेव्हा मी गटाला पुन्हा तोच खेळ दिला. "तीच खोली, तोच कोपरा. काय बदललं ते ओळखा." गाळणीने सगळ्यांच्या आधी पाठवलं. आणि पाच मिनिटांत कट्ट्यावर गोंधळ उडाला.

"गाळणी, गातंय कोण?"

"कुणी नाही," त्याने लिहिलं. "मी एकटाच होतो. गप्प बसलो होतो."

"मग भूत असेल," ड्रमकाका म्हणाले. "पण सुरात आहे हो! माझ्या गायकापेक्षा बरं."

मी हसत हसत हेडफोन लावले.

नळ आता गळत नव्हता. पाऊस नव्हता. सुरुवातीला नुसती पोकळी. मग त्या पोकळीच्या तळातून, मिटल्या ओठांची, अगदी बारीक गुणगुण वर आली...

माझं हसू तिथेच गोठलं. ती माझ्या आईची चाल होती.

आईने ती मला झोपवायला स्वतः रचली होती. तिला शब्द नव्हते. मी शाळेत असतानाच आई गेली, आणि तिचं कुठलंही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. मलाही ती चाल अर्धीच येते, कारण अर्ध्यावर माझे डोळे मिटायचे. आणि गाळणीच्या रिकाम्या खोलीत ती अर्ध्यावर थांबली नाही. खाली खर्जात उतरली, क्षणभर तिथे रेंगाळली, मग एक एक पायरी चढत वर आली आणि शांतपणे टेकली. मी कधीच न ऐकलेला तिचा शेवट. पण तोच खरा, हे माझ्या हाडांना कळत होतं.

मी हेडफोन टेबलावर टाकले आणि बाहेरच्या खोलीत गेले.

"बाबा," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "आईची ती चाल... तिने कुणाला शिकवली होती का?"

"कुणाला शिकवणार?" बाबा म्हणाले. "मलाच कुठे येते! छापखान्यात माझी रात्रपाळी. मी यायचो तेव्हा तुम्ही दोघी गाढ झोपलेल्या. का गं, काय झालं?"

"काही नाही."

पियानोमावशींना मात्र मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकदम आवाज खाली आणला. "काडे, माझं ऐक. त्या माणसाला आजच्या आज काढून टाक. जी चाल जगात कुणाला ठाऊक नाही, ती त्याला कशी ठाऊक? तुझ्या घराला कान लावून बसलाय तो. गोड बोलणाऱ्यांचं काही सांगता येत नाही, बाई."

कुणालाही गटातून काढण्याचं बटण माझ्याच हातात होतं. एकदा दाबलं की तो गेला असता. मग त्याचे निरोप नाहीत, तो हळू आवाज नाही. मी माउसवर बोट ठेवून बसले. बोट हलेना. तो जर तसा माणूस असेल, तर दार लावायलाच हवं होतं. आणि नसेल... तर मी स्वतःच्या हाताने काय घालवून बसणार होते, ते मला त्या बोटाच्या टोकाला कळत होतं.

मी त्याला सरळ फोन लावला.

"खरं सांग. ती चाल तुझ्याकडे कुठून आली?"

"लोक म्हणाले म्हणून मी ते पुन्हा ऐकलं. तो आवाज माझाच आहे. पण मी गुणगुणत होतो, हे मला कळलंच नाही... शपथ."

"मी आवाजाचं नाही विचारत. चालीचं विचारतेय."

"ती तर तुझ्याच घरातली आहे. तू बोलत असतेस आणि मागे कुणीतरी..."

"मी सगळं साफ करून पाठवते!"

"साफ केल्यावर तळाशी जे उरतं, तेच ऐकायचा माझा धंदा आहे गं. मला वाटलं, तुझी आई असेल. आत काम करता करता गात असेल. रोज ऐकून ऐकून माझ्या ओठांवर बसली असणार."

फोन माझ्या कानाला गार लागला.

"माझी आई नाहीये," मी म्हटलं. "कधीचीच नाहीये."

"मग ते गातं कोण?" त्याचा आवाज आणखी खाली गेला.

"विचारलं का नाहीस मला?"

"विचारणार होतो. पण 'तुझ्या घरात कोण गातं' हे कुठल्या तोंडाने विचारू? न बोलावता उंबरा ओलांडल्यासारखं वाटलं. तुला मी नको झालो तर... म्हणून गप्प राहिलो. चुकलं माझं."

मी फोन ठेवला आणि कच्ची रेकॉर्डिंग उघडली. ती माझ्याच कॉम्प्युटरवर होती, कुणाचाही हात न लागलेली. त्याला पाठवलेला पहिला निरोप लावला. पंखा... रस्ता... मग माझं बोलणं. आणि माझ्या बोलण्याखाली, भिंतीपलीकडून यावा तसा, एका बाईचा आवाज. मी नव्हतेच ती. बोलता बोलता माणूस गुणगुणेल कसा? आवाज स्वयंपाकघराच्या बाजूने येत होता.

मग गटासाठी केलेली रेकॉर्डिंग ऐकली. त्याच संध्याकाळची, त्याच खुर्चीतली. नव्या लोकांचं स्वागत, भांडणं मिटवणं, सूचना. फक्त पंखा. पुन्हा त्याला पाठवलेले निरोप. प्रत्येकात ती होती. ज्या दिवशी मी त्याच्यावर रुसून दोनच वाक्यं बोलले होते, त्या दिवशीही. त्या दिवशी तर जरा मोठ्यानेच.

खिडकी बंद होती, तरी मानेवर गार झुळूक लागल्यासारखं झालं. मी हात जोडून देवाचं नाव घेतलं. न्याय करायला बसले होते मी, आणि साक्ष द्यायला भलतंच कुणी येऊन उभं राहिलं होतं! माझ्या मशीनमध्ये त्याने काही घातलेलं नव्हतं. तो खरं बोलत होता. आणि खरं जे होतं, ते खोट्यापेक्षा कितीतरी जास्त घाबरवणारं होतं.

तरीही मी माइक लावला. "रविवारी घरी ये. बाबा असतील. मला भीती वाटतेय... पण तुझी नाही."

हा निरोप मी न धुताच पाठवला.

तो आला. उंच, जरा पोक काढून चालणारा. दारात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पायपुसण्याकडे, जणू तेच बघायला आला होता.

"आत ये ना."

"हो, हो... म्हणजे, आलोच."

बाबांनी त्याला समोर बसवलं. "काय करता आपण?"

"आवाज साफ करतो, काका."

"मग आमचे कान तेवढे करून द्या. डॉक्टरने हात टेकलेत."

तो हसला आणि त्याचे खांदे जरा सैल झाले. मग मी बाबांना सगळं सांगितलं, ओरडून, तुकड्यातुकड्याने. असलं काही ओरडून सांगणं किती विचित्र असतं म्हणून सांगू! बाबांनी विश्वास ठेवला की नाही, कळेना. गाळणीने त्या निरोपांमधून गाळून काढलेली गुणगुण लावली, आवाज पूर्ण मोठा केला आणि हेडफोन स्वतःच्या हाताने हळूच बाबांच्या कानांवर ठेवले.

बाबा आधी भुवया आक्रसून बसले. मग भुवया सैल झाल्या. संपल्यावरही त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"चाल मला कळत नाही," ते म्हणाले. "पण गळा तिचाच." मग माझ्याकडे वळले. "तुझी आई तोंडाने 'हो' कधी म्हणायची नाही. हे घर घेताना विचारलं, गप्प. तुला कुठल्या शाळेत घालू विचारलं, गप्प. पण मनाला पटलं की आतून गुणगुण सुरू व्हायची. मग मी समजायचो, आता पुढे जायला हरकत नाही."

त्यांनी गाळणीकडे एकदा नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग उठले. "चहा ठेवतो. बोला तुम्ही. मला काही ऐकू येत नाही."

ते आत गेले. आम्ही दोघं उरलो. मधे टेबल, टेबलावर बाबांनी काढून ठेवलेले हेडफोन.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते ना."

"मग जायचं असेल तर..."

"तसं नाही." तो बोटांशी खेळत होता. "तुझ्या आईचं तर 'हो' आलं. माझं पहिल्या दिवसापासूनच होतं, उगाच कशाला लपवू? राहिलीस तू एकटी."

"मी आईवर गेले नाही," मी म्हटलं. "मला तोंडाने बोलता येतं."

"मग बोल की."

"...हो."

त्याने टेबलावरून हात पुढे केला. मी त्यात माझा दिला. गार होता त्याचा हात, आणि माझाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून गुणगुण ऐकू आली, अगदी हलकी. आम्ही दोघं हसलो.

"बाबांनाही लागण झाली," मी पुटपुटले.

चाल खर्जात उतरली, रेंगाळली. पायरी पायरी वर चढली. टेकली.

आणि पुढच्या दाराची कडी वाजली. बाबा आत आले, धापा टाकत, हातात दुधाची पिशवी.

"दूधच नव्हतं घरात. मागच्या जिन्याने खाली जाऊन घेऊन आलो." आमच्याकडे बघून ते थबकले. "असे काय बसलात, भूत बघितल्यासारखे?"

स्वयंपाकघरात आता काहीही वाजत नव्हतं. माझा हात गाळणीने इतका घट्ट धरला होता, की बोटं दुखत होती. तो उठला, पण हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्याने बाबांकडून दुधाची पिशवी घेतली.

"बाबा," तो म्हणाला. मघापर्यंत ते काका होते. "आमचं ठरलंय."

"काय?" बाबांनी कानामागे तळवा धरला.

त्याने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आणि जन्मभर हळू बोलत आलेला तो माणूस, आतपर्यंत नीट ऐकू जाईल असा, घर दणाणून सोडत ओरडला,

"आमचं लग्न ठरलंय!"