अंगठ्याचे ठसे

पडताना कुणी पाहिला नसेल, तर बेवन ट्रेम्बाथच्या लेखी तो दगड म्हणजे नुसता धोंडा. मग तो आकाशातून पडलेला असो, नाहीतर शेजाऱ्यानं कुंपणावरून भिरकावलेला. उल्का जमवणाऱ्यांचा हा हट्ट जुनाच, साक्षीदार असेल तीच खरी. ऑस्ट्रेलियात, बेन्डिगोतल्या त्याच्या घरी काचेच्या कपाटात अशा कितीतरी होत्या. बायको गेल्यापासून तेवढीच काय ती सोबत. फक्त वॉरिनूक गावात पडलेली उल्का नव्हती. ती तिथल्याच थेल्मा क्विर्क या म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात, किटलीशेजारी पडून होती.

थेल्माबाई लवकरच वृद्धाश्रमात जाणार होत्या. म्हणून दगड द्यायला त्यांनी आपणहून त्याला बोलावलं होतं.

"चहात डब्यातलं गोड आटवलेलं दूध घालू? आमच्या कॉलिनला त्याशिवाय घोट उतरायचा नाही."

"नको, कोराच द्या. गोड चहानं मला मळमळतं."

"तरीच तोंड असं कडू झालंय!"

बेवन हसला, पण नजर दगडावरून हलेना. नारळाएवढा, काळाकुट्ट, आणि पडून इतकी वर्षं झाली तरी स्पिरिटचा वास. खाली येताना तापलेल्या हवेनं त्यावर खळगे पाडले होते. जाणकार त्यांना अंगठ्याचे ठसे म्हणतात.

"वा! काय अंगठ्याचे ठसे आहेत!" तो म्हणाला.

थेल्माबाईंनी कप खाली ठेवला. "तुलाही दिसले? अंगठा एकच रे, हा इथे. ही चार बोटं. दगड पडताना कॉलिननं पाहिला आणि कुरणात धूम ठोकली. माझा धाकटा भाऊ, तेव्हा शाळकरी पोर. दगड सापडला, तो नाही सापडला. तेव्हा ठसे एवढेसे होते. आता बघ."

खळगे चांगले बाप्याच्या बोटांएवढे होते. दगडावरचे खळगे वाढत नसतात, हे बेवनला पक्कं ठाऊक होतं. म्हातारीचं वय झालंय, असं तो मनाशी म्हणाला.

"रोज चहाच्या वेळी मी त्याचा हात धरते. आता तू धरशील? माझं दुसरं काही मागणं नाही. कुणी धरला नाही, की तो शोधत सुटतो."

"धरेन की," बेवन म्हणाला. दगडापायी त्यानं काहीही कबूल केलं असतं.

घरी आल्यावर त्यानं दगड कपाटात ठेवला, चिठ्ठी लावली आणि कुलूप घातलं. इतक्या वर्षांनी संग्रह पुरा झाला, याचा आनंद त्याला कुणाला सांगता येईना. आरामखुर्चीत बसून त्यानं एकट्यानंच चहा घेतला. दगडाचा हात धरायला तो काही खुळा नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही धरला.

पुढे एका सकाळी त्यानं कपाट उघडलं. वजन तेच होतं, वासही तोच. पण दगड नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता.

ठसे आरामखुर्चीच्या लाकडी हातावर होते. चार ओळीनं, एक खालून.

दगड घेऊन बेवन तडक वॉरिनूकला निघाला. वाटेत मनगट खाजत होतं. डास चावला असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं.

दार उघडंच होतं. बांधलेलं सामान पुन्हा सोडून ठेवलेलं दिसत होतं.

"तुमचा दगड परत घ्या," तो म्हणाला. "मी... मी विसरलो, थेल्माबाई."

त्यांनी दगडाकडे पाहिलंही नाही. त्या त्याच्या उजव्या मनगटाकडे पाहत होत्या.

मग त्यानंही पाहिलं. कातडीत पाच खळगे होते. दुखत मुळीच नव्हतं.

थेल्माबाईंनी जवळ येऊन आपली बोटं त्यांत ठेवली. रोजच्या सवयीनं बरोब्बर बसली.

"किती गार पडलायस रे," त्या म्हणाल्या. "चहा ठेवते."

नको, निघतो, असं म्हणायला बेवननं तोंड उघडलं. बाहेर आलं ते निराळंच.

"दूध जास्त घाल गं, थेलू."

डबा त्यांनी आधीच उघडून ठेवला होता. टेबलावर कप दोन होते.