मागलं दार

"शेवटचा ऊस! मी पाहिला, मी पाहिला!" ऋषिराज गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकत ओरडला.

"तो मका आहे," मेघना शांतपणे म्हणाली.

"मका? हे तू मला सांगतेस? काटेवाडीच्या शेतकऱ्याच्या पोराला?"

"दादा, तुरा बघ ना! मकाच आहे," त्याची धाकटी बहीण श्रेया म्हणाली, आणि गाडीत एकच हशा पिकला.

हा त्यांचा नेहमीचा खेळ. रविवारी उजाडताना मेघना आणि तिचे रवींद्रकाका जुन्या ओम्नीतून बारामतीहून निघायचे, काटेवाडीत ऋषिराज आणि श्रेयाला घ्यायचे आणि इंदापूरच्या रस्त्याला लागायचे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मग तो विरळ होत जायचा आणि एका वळणानंतर संपायचाच. पुढे नुसता माळ. शेवटचा ऊस ज्याला दिसेल त्याला मेघनाच्या आजीच्या डब्यातलं एक उकडलेलं अंडं जास्त! त्या वळणापासून माळावरच्या त्यांच्या नेहमीच्या टेकाडापर्यंत साडेसहा किलोमीटर भरायचे. मेघनाने ते वहीत लिहून ठेवलं होतं. तिच्या वहीत असलं पुष्कळ काही असायचं.

काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडत. त्यांचा जुना कॅमेरा आता मेघनाकडे आला होता. देताना काकांनी एकच अट घातली होती. "आधी बघायचं, मग मोजायचं, मग बटण दाबायचं. उलटं केलंस तर कॅमेरा परत!"

आज काका भलतेच खुशीत होते. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. मधल्या भिंतीवरची मोठी फ्रेम तयार होती, पण रिकामी. तिच्यात जायचा होता खोकडाच्या, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याच्या, पिल्लांचा फोटो. त्यासाठी सहा आठवडे काका माळावर येऊन बसत होते आणि पिल्लं दर वेळी बिळाच्या भलत्याच दारातून बाहेर पडत होती.

"आज मात्र पिल्लं समोरच्या दारातूनच येणार," स्टिअरिंगवर ताल धरत काका म्हणाले. "लिहून घ्या!"

"तुम्हाला कसं माहीत?" मेघनाने विचारलं.

"अनुभव!" काका म्हणाले आणि शीळ घालू लागले.

मेघनाने वही उघडली, पण काही लिहिलं नाही. काका कधी असं छातीठोक बोलत नसत. 'बहुधा' हा त्यांचा आवडता शब्द होता.

माळावर पोचल्यावर काकांनी टेकाडापासून साठ पावलांवर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, अंगावर मातकट कापड ओढलं आणि तिघांना खाली बसवलं. सूर्य पाठीशी होता. टेकाडावरच्या बिळाच्या तोंडावर कोवळं ऊन समोरून पडलं होतं. एखाद्या स्टुडिओत दिवा लावावा तसं!

मेघनाने मागच्या रविवारचा फोटो कॅमेऱ्यात काढून पाहिला. मग टेकाडाकडे पाहिलं. पुन्हा फोटो.

"श्रेया," ती कुजबुजली, "मागच्या वेळी आपण किती दारं मोजली होती?"

"सहा. दोन पुढे, एक बाजूला, तीन मागे. तूच तर नकाशा काढला होतास!"

"मग पुढचं दुसरं कुठे गेलं?"

श्रेयाने डोळे बारीक केले. बोरीच्या झुडपाखाली मागच्या रविवारी काळंभोर भोक होतं. आज तिथे काहीतरी पिवळट दिसत होतं.

"काका, आम्ही धाविक पक्षी शोधून येऊ?" मेघनाने विचारलं.

"जा, जा. पण वाऱ्याकडे लक्ष ठेवा. तुमचा वास बिळाकडे जायला नको!" कापडाआडून आवाज आला.

तिघे लांबचा वळसा घालून टेकाडाच्या मागे गेले. जवळ न जाता मेघनाने कॅमेऱ्यातून पाहिलं. बाजूचं दार बंद. मागची तिन्ही दारं बंद! प्रत्येकात काहीतरी ठासून भरलं होतं. वाऱ्याने उडून त्यातलाच एक सुका तुकडा त्यांच्या पायापाशी आला होता. ऋषिराजने तो उचलला, हुंगला आणि दोन बोटांत फिरवला.

"पाचट!"

"नक्की? मघाशी मक्याला ऊस म्हणालास," श्रेया म्हणाली.

"ए, चालत्या गाडीतून काय दिसणार? हे हातात आहे! ऊस तोडल्यावर रानात राहतो तो पाला. रोज त्यावर झोपतो मी!"

"पण शेवटचा ऊस साडेसहा किलोमीटर मागे राहिला," मेघना म्हणाली. "वाऱ्याने एवढं येणार नाही. आणि आलं तरी नेमकं पाच भोकांत घुसणार नाही."

ओढ्याच्या काठावर गेणबा धनगर मेंढरं चारत होता. खोकडाला पाच पिल्लं आहेत, हे मागच्या रविवारी त्यानेच सांगितलं होतं. मुलं धावत त्याच्याकडे गेली.

"आबा, इथे जवळपास कुणी ऊस लावलाय का?"

"ऊस?" गेणबा हसला. "ह्या माळावर प्यायला पानी न्हाय, ऊस कुठला लावत्यात! का गं?"

मेघनाने बंद दारांचं सांगितलं. गेणबाचं हसू मावळलं.

"आरं द्येवा! खोकड लई हुशार जनावर. फुडनं कुत्रं आलं की मागल्या दारानं पोरं काढतंय. मागलं दारच बुजवलं तर जायाचं कुठं त्यानं? आन् रस्त्याकडंला लोकं जेवनं करत्यात, हाडकं टाकत्यात. त्या वासानं चार दिस झालं दोन कुत्री हितंच फिरत्यात."

"कुणी केलं असेल हे?" श्रेया म्हणाली. "एवढं पाचट इथवर आणायचं म्हणजे गाडीच हवी. पोत्यांत भरून..."

ऋषिराजने हातातला तुकडा खाली टाकला. त्याचे कान लाल झाले.

"काय झालं?" मेघनाने विचारलं.

"परवा..." तो चाचरत म्हणाला, "परवा काका आमच्याकडून दोन पोती पाचट घेऊन गेले. गच्चीतल्या कुंड्यांवर पसरायला, म्हणाले."

मेघनाने मनात मोजलं. काकांच्या गच्चीत तीन कुंड्या होत्या. तीन! आज समोरच्याच दारातून येणार, लिहून घ्या. दुसरी वाटच ठेवली नव्हती!

"आता?" श्रेया हळूच म्हणाली. "पाचट काढलं तर पिल्लं पुन्हा मागूनच पळणार. काकांचा फोटो..."

सहा आठवडे, आणि ती रिकामी फ्रेम! काकांचा चेहरा मेघनाच्या डोळ्यांसमोर आला. आधी त्यांना जाऊन विचारावं का?

तेवढ्यात टेकाडाच्या पलीकडून भुंकणं ऐकू आलं.

"आली बघा!" गेणबाने काठी उचलली. "पळा! म्या आलोच!"

तिघे धूम पळत सुटले. टेकाडाला वळसा घातल्यावर दिसलं ते भयंकर होतं. दोन दांडगी कुत्री समोरच्या एकुलत्या एका दारावर तुटून पडली होती. पुढच्या पायांनी माती उडत होती. आतून बारीक, चिरकी भुंकणी येत होती. काका कापड झटकून "हाड! हाड!" ओरडत धावले, पण पाय तिकाटण्यात अडकला आणि तिकाटण्यासकट ते आडवे झाले. कुत्र्यांनी वळूनही पाहिलं नाही!

"ऋषी, डबा!" मेघना ओरडली.

"कुठला डबा?"

"अंड्यांचा!"

"सगळी?" ऋषिराजचा चेहरा पडला.

"दादा!!" श्रेयाने त्याच्या पाठीवरची पिशवीच ओढली. पहिलं अंडं कुत्र्याच्या पाठीवर आपटलं. दुसरं नाकासमोर पडलं. कुत्र्याने हुंगलं, गिळलं आणि मान वर केली.

"ये, ये! इकडे बघ, इकडे!" एकेक अंडं लांब लांब टाकत दोघे भाऊबहीण ओढ्याच्या दिशेने मागे सरकू लागले. कुत्री त्यांच्यामागे निघाली. समोरून गेणबा काठी आपटत येत होता.

मेघना टेकाडाच्या मागे पोचली होती. तिने दोन्ही हात पाचटात खुपसले. सुक्या पात्यांची धार तळव्यांना सपासप लागत होती. एक बोळा निघाला. दुसरा. तिसरा खोलवर बसला होता. तो ओढताना ती मागे कोलमडली, आणि त्याच क्षणी त्या काळ्या भोकातून एक टोकदार तोंड बाहेर आलं!

खोकडाची मादी. तिने मेघनाकडे एकदा पाहिलं. मग ती सर्रकन निघाली. शेपटीचं काळं टोक झुडपाकडे वळलं आणि तिच्यामागे पिल्लं सुटली. एक. दोन. तीन. चार.

मेघना श्वास रोखून पाहत राहिली. पाचवं आलं नाही. तिने बिळाला कान लावला. आत सगळं शांत होतं.

कॅमेरा तिच्या गळ्यात तसाच लटकत होता.

गेणबाने कुत्री पार रस्त्यापलीकडे हाकलली. काका गुडघ्यावरची माती झटकत टेकाडावर आले. उपसलेलं पाचट, मेघनाचे ओरखडलेले हात, सगळं त्यांनी पाहिलं. कोणी काही विचारायच्या आत ते मटकन खाली बसले.

"मी केलं ते," ते म्हणाले. "काल संध्याकाळी येऊन. दगडांनी बीळ ढासळेल म्हणून मऊ पाचट घेतलं. फोटो काढून झाला की लगेच काढणार होतो. मला वाटलं, एका सकाळीने काय होतंय!"

"काका," मेघना म्हणाली, "तुम्ही दारं बरोबर मोजली होती. पण ती कशासाठी आहेत, हे बघितलंच नाही!"

काकांनी मान खाली घातली. "आधी बघायचं, मग मोजायचं," ते पुटपुटले. "कॅमेरा आता मीच परत द्यायला हवा."

"साहेब," गेणबा म्हणाला, "चूक झाली खरी. पर पोरगी वेळंला धावली. ह्या पोरांनी आज एक घर वाचीवलं."

"आणि सात अंडी घालवली," ऋषिराज उदासपणे म्हणाला. त्यावर काकासुद्धा हसले.

उरलेली दोन दारं काकांनी स्वतःच्या हाताने मोकळी केली. पाचटाची काडी न काडी पोत्यात भरली आणि खोकडाला त्रास नको म्हणून पुढचे काही रविवार तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. परतताना शेवटचा ऊस कुणीच शोधला नाही. मेघनाने वहीत लिहिलं: 'पिल्लं पाच. बाहेर आलेली चार.' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह पुढे कितीतरी दिवस तिला टोचत राहिलं.

बुद्धपौर्णिमेला विहाराचा हॉल भरून गेला. आजीने, म्हणजे अक्काबाईंनी, सगळ्यांना खीर वाटली. मधली फ्रेम कापडाने झाकली होती. काकांनी कापड ओढलं आणि मेघना ओरडलीच, "काका!"

फोटोत ती स्वतः होती! टेकाडाच्या कडेआडून बाहेर आलेलं डोकं आणि कोपर, केसांत पाचट, तोंड उघडं. मागे दूर अंधूक चार पिल्लं पळताना दिसत होती. पडल्या जागेवरून, पडताना फुटलेल्या भिंगातून काकांचं बटण दाबलं गेलं होतं. खाली नाव होतं: 'मागलं दार'. आणि त्याखाली बारीक अक्षरांत: 'पाच दारं मी बंद केली होती. ती या तिघांनी उघडायला लावली.'

काकांनी सगळी हकिकत सर्वांसमोर सांगितली, स्वतःची चूक जराही न लपवता. टाळ्यांचा कडकडाट झाला. आजीने तिघांना जवळ घेतलं. "माझ्या अंड्यांचं सोनं केलंत रे!"

"आम्हाला मात्र एकही मिळालं नाही, आजी," ऋषिराज म्हणाला आणि त्याने दुसऱ्यांदा खीर घेतली.

गर्दीतून गेणबा पुढे आला. नवा फेटा बांधून, खास एसटीने आला होता तो. फोटोसमोर उभा राहून तो बराच वेळ बोटाने हवेत काहीतरी मोजत राहिला.

"चारच आहेत, आबा," मेघना हळू आवाजात म्हणाली. "पाचवं आलंच नाही. मी मोजलं होतं."

"तू लांब बघून मोजलंस, पोरी. जवळ कोन बघायचं?" गेणबाने फोटोवर बोट टेकवलं. "तुज्या कोपराखाली बघ की!"

मेघना पुढे वाकली. तिच्या कोपराच्या आणि पाचटाच्या बोळ्याच्या मधून दोन मोठे कान आणि एक चिमुकलं नाक बाहेर पडत होतं. तिच्या इतकं जवळून, की ते तिला दिसलंच नव्हतं!

"पाच!" ती आनंदाने किंचाळली. "काका, पाच! पाचही आहेत!"

मग तिने वही काढली, ते प्रश्नचिन्ह व्यवस्थित खोडलं आणि शेजारी तारीख घातली.