सहीआधीचा चहा

मला हे सांगायचं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, सगळा जन्म कारखान्यात लोखंड घासण्यात गेला. पण ती शमिका मागे लागली. म्हणे, आजोबा, तुम्हीच लिहा, मी लिहिलं तर लोक म्हणतील पोरीचं डोकं फिरलं. म्हणजे म्हाताऱ्याचं फिरलं म्हटलेलं चालतं! बरं, लिहितो. तिनं सांगितलं तसंच लिहितो. मध्ये कुणी शहाणपणा शिकवायला येऊ नका.

शमिका ऑक्युपेशनल थेरपी शिकायची. म्हणजे लकवा मारलेल्या माणसाला परत बटण लावायला, वेणी घालायला, भाकरी मोडायला शिकवायचं. शेवटच्या वर्षाला तिला तीन महिने कोलार रोडच्या एका केंद्रात टाकलं होतं, खऱ्या पेशंटवर शिकायला. तिथं या पोरांच्या डोक्यावर मृणाल मॅडम. हुशार बाई, पण जिभेला धार. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतःचे हात स्वतःच्या मांडीखाली दाबायला लावले.

"पेशंट अडला की तुमचे हात शिवशिवणार," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा असं बसायचं. तुम्ही करून दिलंत तर ते तुमचं काम झालं. त्याचं नाही."

दुसरा नियम चहाचा. केंद्रात सरावाचा एक ओटा होता, त्यावर शेगडी. पेशंट पहिल्यांदा एकट्यानं चहा करील तो सुपरवायझरनं प्यायचा. कप रिकामा झाला की मगच कागदावर 'साध्य' लिहून सही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय, तोंडाला लावल्याशिवाय सही नाही. हे त्या इतक्यांदा सांगायच्या की पोरं पाठीमागे त्यांना चायवाली मॅडम म्हणायची.

नोंदी कशा लिहाव्यात हे कळावं म्हणून मॅडमनी प्रत्येकाला एकेक जुनी, बंद झालेली फाईल वाचायला दिली. शमिकेला दिली ती सगळ्यात नीटस होती. सगळी कामं साध्य, खाली सही. त्याच दिवशी घरभेटींची यादीही वाटली. मॅडम फोनवर होत्या. शमिकेनं फाईल वर धरून विचारलं, "मॅडम, ये भी? हीसुद्धा माझ्याकडेच?"

"हो हो, ती पण," मॅडम म्हणाल्या आणि फोनवर बोलत राहिल्या.

पोरीला वाटलं, घरी गेलेल्या पेशंटलाही परत बघायचं असतं, म्हणजे ही बाईही आपल्या भेटींत आहे. फाईलवर नाव, वय, पत्ता सगळं होतं. कमलिनी भाकरे, अडुसष्ट, डावी बाजू गेलेली. इंद्रपुरी.

एप्रिलचं ऊन. दुपारी चारला ती तिथं पोचली तेव्हा पुढच्या दाराला कुलूप. परत फिरणार, तेवढ्यात आतून हाक आली.

"मागनं ये गं. ते दार अडकतं."

मागचं दार उघडं होतं. तिथून सरळ स्वयंपाकघर. स्टुलावर एक आजी बसलेल्या. डावा हात मांडीवर, ठेवून विसरल्यासारखा. केसांची उजवी बाजू चापून विंचरलेली, डावीकडचे केस तसेच मोकळे. शमिकेला नवल वाटलं नाही, तिनं ते पुस्तकात वाचलं होतं. मेंदूला उजवीकडे मार बसला की काही माणसांना डावीकडचं जग उरतच नाही. डोळे धड असतात, पण तिकडे बघायचं असतं हेच माणूस विसरतो. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. डावीकडून बोललात तर ती माणसं उजवीकडच्या भिंतीला उत्तर देतात.

"घरी कोण असतं, आजी?"

"हे असतात. बाजारात गेलेत, बिट्टन मार्केटला. अंबाडी आणायला. येतीलच आता."

फाईलमध्ये 'साध्य' होतं, पण आजींना चहा काही जमत नव्हता. पोरीनं काम चांगलं केलं, हे मलाही म्हणावं लागेल. ओट्याच्या डाव्या कडेला तिनं लाल चिकटपट्टी लावली. मॅडमनी पोरांना शिकवलेलं तेच आजींना शिकवलं, मान वळवत जायचं, लाल पट्टी दिसेपर्यंत थांबायचं नाही. ती दिसली की मगच शेगडीला हात लावायचा. आजी दहादा चुकायच्या. लायटर उजवीकडच्या बर्नरला लावायच्या आणि हातानं डावीकडचं बटण चालूच सोडायच्या. शमिकेचे हात शिवशिवायचे. ती मांडीखाली दाबून बसायची.

घरात जळक्या कापडाचा वास यायचा. तिनं विचारलं तर आजी म्हणाल्या, शेजारचे कचरा जाळतात. दुसरी एक गोष्ट तिला नंतर आठवली. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळायचं, पण त्या स्वयंपाकघरात तिला घामाचा एक थेंब आला नाही.

पाच भेटी झाल्या. पाच नोंदी झाल्या. पाचही मॅडमच्या टेबलावर गेल्या आणि सही होऊन परत आल्या. शनिवारी सहाव्या भेटीची नोंद घेऊन शमिका स्वतःच मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडम गठ्ठ्यावर सह्या करत होत्या.

"मॅडम, मंगलवार को आप फ्री हो क्या? चहा प्यायला यायचंय."

"कुणाकडे?"

"भाकरे आजींकडे, इंद्रपुरीला. त्या तयार झाल्यात. पहिला चहा तुम्हीच प्यायचा ना?"

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी सहावी नोंद ओढून घेतली आणि वाचली. मग आधीच्या पाच काढल्या. त्या पाचही वाचल्या, बहुतेक पहिल्यांदाच.

"ही पेशंट दोन वर्षांपूर्वी वारली आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ही. कमलिनी भाकरे. घरी बसून रचल्यास ना या नोंदी? लाल पट्टी म्हणे! लाज वाटत नाही? तुला या पोस्टिंगमध्ये नापास करणार आहे मी. वर्ष जाईल तुझं."

शमिकेचे वडील कारकून, कर्ज काढून शिकवत होते. वर्ष जाणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोर मागे हटली नाही.

"मॅडम, पाचही नोंदींवर सही तुमची आहे," ती म्हणाली. "एकदा चला माझ्यासोबत. आजी नसल्या तर करा मला फेल."

आता सांगतो. कमलिनी माझी बायको. आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही पोरीचं ऐकलं नसतं, माझ्याच तोंडाकडे बघत बसला असता.

दोन वर्षांपूर्वी ती त्याच केंद्रात शिकत होती. तिचा चहा कधीच जमला नव्हता. मी मॅडमना स्वतः जाऊन म्हटलं होतं, हिला डावीकडचं दिसत नाही हो, घरी नका पाठवू अजून. पण महिना संपत आला होता, त्यांना कागद पुरे करायचे होते. बघितल्याशिवाय, प्यायल्याशिवाय त्यांनी 'साध्य' लिहून सही केली. मी तो कागद खरा मानला. हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी ती म्हणाली अंबाडी आणा, बिट्टन मार्केटचीच आणा. गेलो. ती चहा करायला उठली. उजवीकडच्या बर्नरवर पातेलं ठेवलं, डावीकडचा पेटलेला तिला दिसलाच नाही. पदर डावीकडे होता.

नंतर मॅडम माझ्या पोराला, निखिलला, म्हणाल्या, "पेशंट तयार होती, पण घरच्यांनी एकटं सोडायला नको होतं." घरचे म्हणजे मी. तेव्हापासून निखिल मला आपल्या कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये ठेवतो, जेवायला घालतो आणि माझ्याशी बोलत नाही.

तर मंगळवारी मॅडमचा फोन आला. दोन वर्षांत पहिला. "इंद्रपुरीच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे का?" कशाला, ते सांगितलं नाही. किल्ली माझ्या कमरेलाच असते. मी गेलो. कुलूप गंजलेलं, तेल सोडून उघडावं लागलं. मी आत गेलो नाही. तिच्यानंतर त्या घरात माझं पाऊल पडलेलं नव्हतं. बाहेर भिंतीच्या सावलीत बसलो. आत काय झालं ते शमिकेच्या तोंडचं.

पुढच्या खोलीत बोटभर धूळ. शमिका या खोलीत कधी आलीच नव्हती. मागच्या दाराला आतून कडी, कडीवर कोळ्याचं जाळं. ते बघून ती दोन पावलं मागे सरली. याच दारानं ती सहा वेळा आत आली होती. ओटा उघडा. शेगडी नाही, सिलेंडर नाही, ते निखिलनं तेव्हाच परत केलेले.

"बघितलंस?" मॅडम म्हणाल्या. पण आवाज बारीक झाला होता. त्या ओट्याकडे बघत होत्या. डाव्या कडेला लाल पट्टी होती. नवी कोरी.

मग डब्याचं झाकण एका हातानं उघडताना होतो तसा आवाज आला. आल्याचा वास आला. त्या वासाखाली जळक्या कापडाचा.

"आलात, मॅडम... बसा."

आजी स्टुलावर होत्या. ओट्यावर शेगडी होती. शमिका म्हणते, ती कधी आली ते दिसलं नाही, मघापासून तिथंच असल्यासारखी होती. मॅडम मटकन खाली बसल्या. त्यांचे हात शेगडीकडे गेले. शमिकेनं ते धरून त्यांच्याच मांडीखाली सरकवले. का, ते तिलाही सांगता येत नाही. सवय, म्हणाली.

"साखर किती... दोन?"

मॅडमनी नुसती मान हलवली.

आजींनी पातेलं ठेवलं. मान वळवत नेली, सावकाश, हाडं वाजत, लाल पट्टीपर्यंत. डावीकडचा बर्नर पेटलेला होता. त्यांनी तो बघितला. बराच वेळ बघितला.

"हा... मला तेव्हा दिसला नव्हता," त्या म्हणाल्या आणि बंद केला.

चहा उकळला. एका हातानं गाळला, थेंब सांडला नाही. तीन कप भरले. एक मॅडमपुढे, एक स्वतःपुढे. तिसऱ्यावर बशी झाकून ठेवली. "यांचा. बाजारातून येतीलच."

"आजी... मला?" शमिकेच्या तोंडून निघून गेलं.

"तुझी नाही सही, बाळा."

मॅडमनी कप उचलला. शमिका "नका" म्हणणार होती, तोवर कप ओठाला लागला होता. मॅडम प्यायल्या. अर्धा पिऊन थांबल्या.

"पुरा," आजी म्हणाल्या. "कप रिकामा झाल्याशिवाय..."

त्यांनी पुरा केला. पिशवीतून फाईल काढली, 'साध्य' लिहिलं, त्या दिवसाची तारीख घातली, सही केली. मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं. शेगडीही नव्हती.

शमिका पळतच बाहेर आली आणि माझ्या पायाशी बसून रडायला लागली. मॅडम मागनं आल्या. त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला थडकला. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी आत गेलो. जावंच लागलं. उघड्या ओट्यावर दोन रिकामे कप होते आणि तिसरा बशी झाकलेला. बशीला हात लावला. गरम होती.

शमिका पास झाली. मॅडमनी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले. दोन महिन्यांनी मॅडम आमच्या फ्लॅटवर आल्या. निखिलनं दार उघडलं. मी दिवाणाच्या डाव्या टोकाला बसलो होतो, त्या माझ्या उजवीकडे येऊन बसल्या. त्यांच्या पलीकडे कमलिनीची वेताची खुर्ची, रिकामी. पोह्यांची बशी दिली तर उजवीकडचे अर्धे पोहे खाल्ले आणि बशी खाली ठेवली. केस उजवीकडे चापून विंचरलेले होते. डावीकडे तसेच.

त्यांनी सगळं सांगितलं. न बघता केलेली सही, निखिलला सांगितलेलं खोटं, सगळं. मी इकडून दोनदा खाकरलो. त्यांनी मान वळवली नाही. सगळं त्या वेताच्या खुर्चीला सांगितलं. शेवटी हात जोडले, तेही खुर्चीला. "काका, माझं चुकलं. माफ करा."

खुर्ची करकरली. वेत सुकला की करकरतो, मला माहीत आहे.

त्या गेल्यावर निखिल रडला. दोन वर्षांनी माझ्याशी बोलला. "बाबा, मागितली ना त्यांनी माफी? मी ऐकली."

"तू ऐकली असशील," मी म्हटलं. "माझी नाही मागितली."

दर हाटाच्या दिवशी मी बिट्टन मार्केटहून अंबाडी घेतो आणि इंद्रपुरीला जातो. कुलूप उघडतो. तिसरा कप ओट्यावर असतो. बशी उचलून बघतो, अजून वाफ निघते. मी तो पीत नाही. पिणार आहे, पण आधी माझ्या तोंडाकडे बघून कुणी चुकलं म्हणायचं बाकी आहे. रिकाम्या खुर्चीला जोडलेले हात मी धरत नाही. पोरं म्हणतात, आजोबा, आता त्यांना डावीकडचं कळतच नाही, जाऊ द्या. का जाऊ द्या? त्याच तर शिकवायच्या, मान वळवत जायचं. त्यांनी वळवावी.

त्यांचं नाव-पत्ता इथं लिहून ठेवतो: मृणाल कोठेकर. कोलार रोड.