काठोकाठ

"हात मागे!"

शू निंगने हात मागे घेतला खरा, पण तोवर चापट बसली होती. आणि गंमत अशी की चापट मारणारी मुलगीच त्याच्याहून जास्त दचकली. अनोळखी माणसाला आपण चक्क मारलं... आता आत्या काय म्हणेल!

अंगणात बांबूच्या चाळण्यांवर चहाच्या कळ्या उन्हाला घातल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या लांब, अंगावर चंदेरी लव असलेल्या. आणि हा कोण कुठला शहरी माणूस, आत काय आला नि त्या उलटून बघायला बोट काय पुढे केलं!

"सुकत घातलेल्या कळीला हात लावायचा नसतो," छाइयुन जरा नरमून म्हणाली. "लाल पडते ती."

"माझंही तसंच झालंय," तो आपल्या हाताकडे बघत म्हणाला.

छाइयुनला हसू आलं. यायला नको होतं, पण हसू काय विचारून येतं?

शू निंग दूरच्या छाओचोउ शहराचा. पानं सुकवायचं यंत्र विकत गावोगाव फिरायचा. थायमूच्या डोंगरावर वसंतात दक्षिणेचा वारा सुटला की हवा दमट होते, चाळणीतला माल काळा पडतो. तेव्हा आमचं यंत्र कामाला येईल, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. पण डोंगरावर कामाचं बोलणं चहाआधी निघत नाही.

छाइयुनने पाणी उकळलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. तापल्या डोक्याच्या माणसाशी आणि उकळत्या पाण्याशी लगेच व्यवहार करू नये, असं आत्याचं मत होतं. मग कळ्यांवर धार न धरता तिने काचेच्या भांड्याच्या कडेने पाणी सोडलं. कळ्या वर तरंगल्या... आणि मग एकेक करून उभ्या राहत हळूहळू खाली उतरू लागल्या. शू निंग गप्प बसून बघत राहिला. फोनसुद्धा काढला नाही त्याने. हे छाइयुनला फार आवडलं.

"घोट लगेच गिळू नका," तिने बजावलं.

त्याने घोट घेतला. कपाळाला आठी पडली. "रागावू नका, पण... चव लागत नाही हो."

"थांबा जरा."

तो थांबला. दूर कुठे कोंबडा आरवला. "लागली!" तो एकदम म्हणाला. "आता, घशात. गोड... कोवळ्या काकडीसारखी?"

आजवर आलेल्या पाहुण्यांनी पहिल्याच घोटाला 'वा वा' केलं होतं, आणि ते खोटं आहे हे छाइयुनला दर वेळी कळलं होतं. हा माणूस खरं बोलला. इतक्या साध्या गोष्टीवर जीव जडावा, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

डोंगरावरच्या शे जमातीच्या लोकांत एक म्हणणं आहे: पहिली वाटी तहानेची, दुसरी मायेची. पहिली बेताने ओततात. दुसरी मात्र काठोकाठ, इतकी की पाहुण्याला वाकूनच तोंड लावावं लागावं. छाइयुनने दुसरी वाटी भरली ती अगदी मनापासून, थेंबभरही जागा न सोडता.

शू निंगने वाटीकडे पाहिलं. चेहरा उतरला. "बरंय... येतो मी," म्हणत तो उठला, आणि वाटीला न शिवताच निघून गेला.

पण तो पुन्हा आला. मग पुन्हा. कधी खोली मोजायला, कधी वारा कुठून येतो ते बघायला. छाइयुनही दर वेळी यंत्राला नवी खोड काढायची. फार मोठं आहे, घरघरतं, रंगच बरा नाही. यंत्र घेतलं की व्यवहार संपला, आणि व्यवहार संपला की माणूसही संपला, एवढं तिला कळत होतं. दोघं तासन् तास बोलत, एकमेकांना चिडवत, हसत. आणि तिने दुसरी वाटी भरली की हा उठलाच!

"मायेची वाटी टाकून उठतो म्हणजे कामापुरता मामा आहे तो, पोरी," आत्या म्हणायची. छाइयुन तिच्याशी भांडायची. पण रात्री उशीला डोकं टेकलं की तेच बोलणं टोचत राहायचं. राहायचं नाही, तर हा येतो तरी कशाला?

त्या दिवशी दक्षिणेचा वारा होता आणि बारीक, चिकट पाऊस. चाळण्या घरात आणलेल्या. शू निंग दारात ओल्या छत्रीसकट उभा राहिला.

"शेवटचं विचारायला आलोय. परवा मला युन्नानला पाठवताहेत... कायमचं. यंत्र घेता का?"

"आणि नाही घेतलं तर?"

"तर... नाही घेतलं."

बस्, इतकंच? छाइयुनने त्याला आत घेतलं आणि पाणी उकळायला ठेवलं. पहिली वाटी दोघांनी संपवली. दुसरी ओतताना तिचा हात अडला. कुणासाठी भरायची काठोकाठ? जाणाऱ्यासाठी? तिने भांडं तिरकं केलं आणि वाटी भरायच्या आतच सरळ केलं. गावात हा अपमान समजतात. तिला तो करायचाच होता.

शू निंगने खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. ऐसपैस बसला. चेहरा असा खुलला की तिला कळेचना.

"आज बसू देताय वाटतं?"

"म्हणजे?"

"आज वाटी भरून टाकली नाहीत ना! आमच्याकडे पाहुण्याची वाटी काठोकाठ भरली, की बोलणं संपलं, उठा आता. थोडी रिकामी ठेवली, म्हणजे बसा, मन अजून भरलं नाही."

छाइयुन बघतच राहिली. हसावं की रडावं! "अहो... आमच्यात उलटं आहे! काठोकाठ म्हणजे—"

"म्हणजे?"

"म्हणजे... राहा."



"मी तुम्हाला दर वेळी हाकलत होते तर," ती हळूच म्हणाली.

"अगदी रीतसर."

"आणि तरी तुम्ही परत येत होतात? यंत्र विकायला?"

त्याने वाटी खाली ठेवली. "हाकललेला माणूस यंत्र विकायला परत येतो का, छाइयुन? ह्या डोंगरावर माझं एकही यंत्र खपलं नाही. ते गाव सोड, असं साहेबांनी कधीच सांगितलं होतं. परत जाताना दर वेळी ठरवायचो, पुरे झालं, तिला आपण नकोय... आणि पुन्हा हीच पायवाट धरायचो." तो थांबला. "तू आवडतेस मला. त्याला माझा इलाज नाही."

एवढे दिवस हा आपली माया वाटीतच टाकून जातो, असं समजणारी ती... आणि हकालपट्टी गिळून परत परत येणारा हा! तिचे डोळे भरून आले.

"मग जाऊ नकोस," ती म्हणाली. 'अहो' कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

तो काही बोलणार, तेवढ्यात आतून हाक आली. "छाइयुन, पाहुणे जेवायला थांबताहेत का गं?"

छाइयुनने त्याच्याकडे पाहिलं.

आजवर तो आत्याला 'बाई' म्हणत आला होता.

"थांबतोय, आत्या!" शू निंगने मोठ्याने सांगितलं.

आतला भांड्यांचा आवाज क्षणभर बंद पडला. मग तांदळाच्या पिंपात माप आणखी एकदा बुडालेलं ऐकू आलं.